धुनेची दुसरी ओळ

आमच्या मामेसासऱ्यांच्या अंगात रक्त नाही, धून वाहते, असं माझं स्वच्छ मत आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, मुक्काम पोलादपूर. डोळ्यांच्या ऑपरेशनआधी त्यांचं रक्त तपासलं तेव्हा त्यात साखर सापडली, धून काही सापडली नाही. तपासणाऱ्याने नीट कान लावला नसेल. एरवी माणूस इतका साधा, की दिवाळीत नवा सदरा घातला तरी लाजून दिवसभर माजघरात बसेल. पण त्या धुनेचा विषय निघू द्या. मामा खुर्चीच्या काठावर येतात, डावा हात वर करतात, म्हणजे आपण गप्प बसायचं, आणि डोळे मिटून शीळ घालायला लागतात. समोर ताट वाढलेलं असो, पाहुणे बसलेले असोत, नाहीतर घरात सुतक असो. मामी म्हणतात, "ह्यांचं लगीन त्या धुनेशी झालं. मी आपली कुकर लावायला." त्यात त्या कुकरची शिट्टी बेसूर आहे म्हणून मामांनी तो बदलून आणला होता. नवाही बेसूरच निघाला.

धून कसली, तर सिनेमातली. बोटीवरच्या एका कप्तानाच्या हिंदी सिनेमांची मालिका आहे. एक झाला की काही वर्षांनी दुसरा, असे पाच भाग आले. तुम्ही पाहिले नसतील तर मामांना तसं सांगू नका, तुमची अख्खी संध्याकाळ जाईल. कप्तानाचा धाकटा भाऊ बोटीवर जातो आणि परत येत नाही. लहानपणी दोघे भाऊ एकमेकांना शीळ घालून बोलवायचे, एकाने पहिली ओळ म्हणायची, दुसऱ्याने दुसरी. तीच धून प्रत्येक भागात कुठे ना कुठे येते. पहिली ओळ वर वर चढते आणि अधांतरी थांबते. दुसरी तिला हाताला धरून खाली घरी आणते. संगीतातलं मला इतकंच कळतं आणि तेही मामांनी शिकवलं म्हणून. मी महाडला शिवणकामाचं दुकान चालवते, मला मशीनचा आवाज पुरतो.

पण कुठल्या भागातली धून सरस, यावर मामांची ठाम मतं. पहिल्या भागात ती मोठा बँड लावून वाजते, तिला मामा हिशेबातच धरत नाहीत. "ती नुसती ओळख गो. पोरगी बघायला जातात तशी. पोहे खायचे नि यायचं." चौथ्या भागात ती कप्तानाच्या वरातीत येते आणि वर हिरॉइन नाचते. तेवढ्या वेळात मामा शेंगदाणे आणायला बाहेर जातात. पाचव्याबद्दल ते एकच वाक्य बोलतात, "मिक्सरात घातलीन," आणि तोंड फिरवतात. त्यांचा जीव आहे दुसऱ्या भागावर. तिथे धाकटा भाऊ निघालाय, आई धक्क्यावर उभी आहे, बोट लांब लांब जाते आणि एकटी बासरी पहिली ओळ वाजवते, इतकी सावकाश, की मध्ये आपण श्वास घ्यायचा विसरतो. आईचा पदर वाऱ्यावर हलतो. बोट दिसेनाशी झाल्यावर मग कधीतरी दुसरी ओळ येते. "ही जाणाऱ्याची धून," मामा म्हणतात. हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो आणि खरं सांगते, मी कितीही वैतागलेली असले तरी हातातलं काम ठेवते.

तिसरा भाग मात्र त्यांच्या दोस्ताचा.

हे दोस्त महाडचे. मोहल्ल्यात त्यांचं घर, दारात त्यांचा टेम्पो. महाडहून सुकी मासळी घेऊन आंबेनळी घाटाने वर महाबळेश्वराकडे जायचे आणि भाजी भरून खाली यायचे. मामा पोलादपूरहून त्याच घाटात प्रवासी जीप चालवायचे. पहिला भाग दोघांनी महाडच्या थिएटरात योगायोगाने शेजारी बसून पाहिला आणि सुटल्यावर दोघेही एकच शीळ घालत बाहेर पडले. तिथून पुढचे सगळे भाग जोडीने. मामा त्यांना नाव घेऊन कधी बोलवत नसत, नुसतं "दोस्त". ईदचा शीरखुर्मा पोलादपूरला यायचा आणि गणपतीतले मोदक महाडला जायचे. दोस्तांना तिसऱ्या भागातली धून आवडायची. तिथे कप्तानाची बोट खडकात अडकते, माणसं हात जोडून बसलेली असतात आणि लांबून, धुक्यातून, कोणीतरी माऊथ ऑर्गनवर तीच धून वाजवत येतं. आधी झुळकीसारखी, मग जवळ, मग अगदी जवळ. अख्खं थिएटर टाळ्या वाजवायचं. "ही येणाऱ्याची धून," दोस्त म्हणायचे. "जाणाऱ्याचं काय कौतिक रे? जातात तर सगळेच."

आंबेनळीत एक वळण आहे, तिथे पुढचं काही दिसत नाही. पावसाळ्यात ढगच रस्त्यावर येऊन बसतात. तिथे या दोघांनी आपला कायदा केला होता. चढणाऱ्याने हॉर्नवर पहिली ओळ वाजवायची, उतरणाऱ्याने दुसरी. हॉर्नला सूर एकच, पण लय बरोबर. मी लग्न होऊन आले त्या वर्षी मामा मला जीपमधून प्रतापगड दाखवायला घेऊन गेले होते. त्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली. बाहेर सगळं पांढरं, दरी नाही, झाडं नाहीत, नुसता पाण्याचा बारीक आवाज. मामांनी पहिली ओळ वाजवली आणि थांबले. जीपमधली सगळी माणसं थांबली. मग त्या पांढऱ्यातून, वरून कुठून तरी, पॅं पॅं करत दुसरी ओळ उतरत आली. नंतर दोन पिवळे दिवे, नंतर टेम्पो, नंतर खिडकीतून बाहेर आलेला एक हात. टेम्पोत भाजी होती, तरी सुक्या बोंबलाचाच वास आमच्यावरून गेला आणि पुन्हा सगळं पांढरं. मला वाटलं, मी झोपेत आहे. मागे बसलेली वाडीवरची एक म्हातारी म्हणाली, "झालं. आता जा." जणू ती धून हेच घाटाचं तिकीट होतं.

आणि एवढी दोस्ती तुटली ती त्याच धुनेपायी, हे ऐकून महाड-पोलादपूरच्या बाहेरचा माणूस हसेल. खुशाल हसा. मामांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं. पाठवणीला बँडने दुसऱ्या भागातली धून वाजवायची, बासरीची, सावकाश, हे मामांनी महिनाभर आधी बँडवाल्यांकडून घोकवून घेतलं होतं. लाडकी लेक चालली, सगळ्यांनी जरा डोळे पुसावेत, बापाचीही तेवढी सोय व्हावी, असा त्यात हेतू. इकडे दोस्तांनी परस्पर त्याच बँडला तिसऱ्या भागातली बसवायला लावली. झालं! मुलगी गाडीत पाय ठेवते आहे, मामांनी डोळे मिटलेत, आणि बँड माऊथ ऑर्गन, ढोल, ताशा सगळं घेऊन धडाडला. रडणाऱ्या बायका दचकल्या, मग एक हसली, मग सगळ्याच हसल्या. नवरी स्वतः पदर तोंडाला लावून खुदखुदली आणि हसत हसतच गाडी गेली. मामा मांडवात तसेच उभे. मी कधी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"माझ्या पोरीच्या पाठवणीत लोकं हसली! तमाशा केलास तू!"

"अरे, रडवून काय धाडतोस पोरीला? परत येणाराय ती. येणाऱ्याची वाजवली, तर काय चुकलं?"

"तुला पोर धाडायला लागेल तेव्हा कळेल."

"तेव्हा पण हीच वाजवीन."

बस्स. त्या दिवसापासून मामांच्या तोंडी "दोस्त" हा शब्द आला नाही. ते झाले "तो महाडवाला". तिकडे हे झाले "तो पोलादपूरवाला". शीरखुर्मा बंद, मोदक बंद. आम्ही घरच्यांनी मधे पडून पाहिलं, पण दोघेही एकाच आईच्या पोटचे असल्यासारखे हट्टी. मी तर एकदा मामांना तोंडावर म्हटलं, "मामा, एका शिळेसाठी माणूस टाकतं का कोणी?" तर म्हणाले, "मी कुठे टाकलंय? मी वाजवतोच हाय."

आणि ते खरं होतं. घाट चढताना त्या वळणावर मामा रोज पहिली ओळ वाजवायचे. जीप थांबवायचे, वाट पाहायचे. वरून टेम्पो यायचा तो एकच लांबलचक पोंऽऽ करत, कोणत्याही परक्या टेम्पोने करावं तसं. खिडकीतून हात नाही, काही नाही. जीपमधले लोक मामांकडे न बघता दरीकडे बघायचे. ती वाडीवरची म्हातारी मात्र पुटपुटायची, "आज पण नाय वाजवलीन मुडद्यान." ती वारल्यावर पुटपुटायलाही कोणी उरलं नाही. मग दोस्तांनी टेम्पो विकला, मग मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि जीपही गेली. मामा ओट्यावर बसून पहिली ओळ शिळेवर घालायचे आणि तिथेच सोडून द्यायचे. दुसरी ओळ त्यांनी कधीच स्वतः म्हटली नाही. मामी आतून म्हणायच्या, "पुरी तरी करा हो, मला चैन नाय पडत."

अशात सहावा भाग आला. हा शेवटचा, यात धाकटा भाऊ सापडणार, अशी बोलवा होती. मामांनी खाणंपिणं सोडायचं तेवढं बाकी ठेवलं. संगीतकार नवा, तो धून ठेवेल की नाही? मारुतीला नारळ झाला, गणपतीला झाला. नवरा मुंबईला, म्हणून फर्मान मला सुटलं. "सूनबाई, तू चल. एकट्याला नाय जमायचं गो." पहिल्याच दिवशी आम्ही महाडच्या थिएटरात. मामांनी बसल्याबरोबर डोळे मिटले, कारण म्हणे धून डोळ्यांनी चुकते. आणि मग माझी परीक्षा सुरू.

"कप्तान काय करतो?"

"चहा पितोय."

"आता?"

"अजून पितोय, मामा."

पुढच्या रांगेतून "शुक् शुक्" झालं. मध्यंतर झालं, धून नाही. वादळ आलं, धून नाही. कप्तान म्हातारा झाला, काठी आली, धून नाही. मामा खुर्चीत लहान लहान होत गेले. मला त्या संगीतकाराला भेटून चार शब्द ऐकवावेसे वाटायला लागले. अगदी शेवटी कप्तान धक्क्यावर एकटा बसतो. समोर पाणी, संध्याकाळ, दुसरा कोणी माणूस नाही. वाद्य एकही नाही. तो ओठ ओले करतो आणि शिळेवर पहिली ओळ म्हणतो, सावकाश. वर चढवतो, थांबतो. पाण्याकडे बघत राहतो. आणि पडदा काळा.

मामांनी माझं मनगट धरलं. "पुढची?" मी म्हटलं, "संपला, मामा. नावं आली." "नाय गो. पुढची ओळ?" लोक उठायला लागले, खुर्च्या वाजायला लागल्या. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून, अंधारातून, शीळ आली. दात पडलेल्या तोंडाची, फुसफुसणारी, मधेच वारा निसटणारी. पण दुसरी ओळ. चालणारी माणसं जागच्या जागी थांबली. ती ओळ वरून एकेक पायरी उतरत आमच्यापर्यंत आली आणि संपली. मामांनी मागे वळून पाहिलं नाही. डोळे मिटूनच, गालावरून पाणी जात असताना, ते म्हणाले, "बघ. तिसऱ्या भागातलीच वाजवलीन."

बाहेर पायऱ्यांवर दोस्त उभे होते. दाढी पांढरी, हातात काठी, अगदी त्या कप्तानासारखे दिसत होते.

"पोलादपूरवाल्या, रडतोस काय रे?"

"नाय रे. ऑपरेशन झालंय डोळ्याचं."

मामांनी सदऱ्याच्या बाहीने गाल पुसले. मग मामा म्हणाले, "पोर म्हणते, हसत गेले ते बरं झालं. दर गणपतीत म्हणते."

"मग सांगितलं का नाय इतकी वर्षं?"

"तू वाजवलीस कुठे?"

यावर दोस्तांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मामांचा दंड धरला. तिथून आम्ही चहाला गेलो, आणि चहा येईपर्यंत दुसरा भाग श्रेष्ठ की तिसरा, यावर दोघांचं इतकं कडाक्याचं भांडण झालं, की हॉटेलवाल्याने मला हळूच विचारलं, "ताई, नातेवाईक आहेत का?"

त्या वर्षी शीरखुर्माही आला आणि मोदकही गेले. पण वर्षाच्या आत दोस्तांना मुलगा मस्कतला घेऊन गेला. इथे एकटं ठेवणार कसं? मामा निरोप द्यायला गेले होते, शीळबीळ काही घातली नाही म्हणे. परत आल्यावर जेवले आणि झोपले.

आता मला गाडी येते. महिन्यातून एखादा रविवार मी मामांना घाटात फिरवून आणते. त्या वळणावर ढग असले की मामा काच खाली करतात, मोबाइल बाहेर धरतात आणि म्हणतात, "वाजव गो." मी हॉर्नवर पहिली ओळ वाजवते. लय चुकली तर पुन्हा वाजवायला लावतात. घाटात रेंज नाही, त्यामुळे ते रेकॉर्डिंग फोनमध्येच बसून राहतं. खाली पोलादपूरला पोचलो की ते मस्कतला जातं, आणि आम्ही नाक्यावर चहा घेत बसतो. मामा फोन कपाशेजारी ठेवत नाहीत, खिशात ठेवत नाहीत, तळहातावर ठेवतात.

परवा उत्तर लवकर आलं. मामांनी फोन कानाला लावला. दोस्तांची शीळ होती, दुसरी ओळ, पण अगदी सावकाश, बासरीसारखी, मध्ये मध्ये थांबत. दुसऱ्या भागातली. मला वाटलं, मामा आता खुश होऊन नाचतील, इतक्या वर्षांनी भांडण जिंकले! तर ते पुन्हा ऐकत राहिले, चहा गार झाला तरी. मग फोन माझ्याकडे देत म्हणाले, "त्याला लिही गो, ही नको म्हणावं. तिसऱ्या भागातली वाजव. येणाऱ्याची."