प्लग कोणी धरला?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही... म्हणजे, एकेकाळी होता. नवी नवरी असताना यांनी गाडीचा प्लग खोलला आणि म्हणाले, "मी इंजिनाले टेकवून धरतो, तू किक मार. ठिणगी पाहू. निळी असंल त प्लग चांगला." मी शहाणी! म्हटलं, मीच धरते. धरला तो नेमका उघड्या टोकाला. यांनी किक मारली आणि असा झटका बसला की "गाडीत भूत हाय!" म्हणत मी गल्लीभर पळाले. वर गाडीवरून लिंबूही उतरवलं. भूत म्हटलं की मला तेव्हाची येडी मीच आठवते.

पण मागच्या उन्हाळ्यातलं सांगते. इंझोरीला आम्ही दोघंच. यांना दमा. त्या दुपारी धाप वाढली आणि तोंडात मारायचा औषधाचा पंप संपलेला. एसटी निघून गेलेली. शेजारच्या कमलला यांच्याजवळ बसवलं, पदर खोचला आणि कारंज्याला औषध आणायला गाडी काढली. हो, पन्नाशीनंतर शिकले मी!

अर्ध्या वाटेत गाडी बंद. उन्हात चिटपाखरू नाही. प्लग खोलला तर काळाकुट्ट. पॉलिश पेपरने घासला, वायरीच्या टोपीत बसवून इंजिनाला टेकवला. किक मारली की घसरून खाली. पुन्हा टेकवला, पुन्हा खाली. तिकडे यांचा श्वास... मला रडूच फुटलं.

"मी धरतो. तू मार किक."

आवाज यांचाच, धापेसकट. अगदी प्लगपाशी. सवयीने मी किक मारली. प्लग हलला नाही. चट्‌दिशी ठिणगी उडाली — निळी. मग ध्यानात आलं... धरलाय कोणी? खाली पाहिलं. कोणीच नव्हतं. आणि प्लग अजून इंजिनाला घट्ट टेकलेला.

एकच विचार — गेले हे, निरोप घ्यायला आले. मागे फिरू की पुढे जाऊ? जिवंत असतील तर औषध लागेल... प्लग आवळला आणि पुढे गेले.

परत आले तर कमल दारात उभी.

"काय झालं वं?"

"काई नाई काकू, डोया लागला व्हता त्यायचा. झोपेत म्हने, मार किक! काका सपनातबी तुमाले कामाले लावून राह्यले."

मला हसू आलं नाही. यांच्या तोंडाला पंप लावला तेव्हा दिसलं — अंगठा आणि शेजारचं बोट काजळीने काळं. धाप बसल्यावर यांनी विचारलं,

"ठिणगी निळी होती का लाल?"

कोणाला उलगडलं तर सांगा, मला नाही उलगडलं. यांना उत्तरही दिलेलं नाही अजून. आता प्लग साफ करायला बसले की हे उठू लागतात, "थांब, मी धरतो."

"तुमी बाजेवरच बसा!" म्हणते मी. आणि त्यांच्या बोटांकडे पाहत नाही.