कोजोची अंबाडी आणि मी राखणदार

माझ्यामुळे एका भल्या माणसाची शेती आणि कला एकाच दुपारी बुडाली.

कोजो आमचा अमेरिकेतल्या अल्फारेटातला शेजारी, मूळचा घानाचा. तो शेती करतो आणि गाण्यांचे व्हिडिओही काढतो. (मी लॅपटॉपसमोर बसतो.) गेल्या वर्षी त्याने दोन्ही धंदे एकाच शेतात पेरले. लालभडक बोंडांचं पीक! शनिवारी त्या लाल शेतात गाण्याचं शूटिंग, मग त्याच बोंडांचं सरबत बाटल्यांत. होती नव्हती ती पुंजी त्यात घातलेली. शुक्रवारी सकाळी तो गायिकेला आणायला दुसऱ्या गावी निघाला.

"फक्त हरणांवर लक्ष ठेव," एवढंच म्हणाला.

मी शेतात खुर्ची टाकली. सोबत माझी मुलगी आणि यवतमाळहून आलेली आई. शेत बघून आईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अरे, ही तर आपली अंबाडी!"

"आई, हात लावायचा नाही."

"भाजीपुरती चार पानं घेते. त्याला काय होतंय!"

चार पानांनी खरंच काही झालं नसतं. पण मला फुशारकीची खाज! आईचा फोटो काढला आणि महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'ताजी अंबाडी!!' खाली लोकेशनही टाकलं. (का? का टाकलं?)

अर्ध्या तासात पहिली गाडी आली. सावंत काकू पिशव्या घेऊनच उतरल्या.

"काकू, विकायची नाहीये हो!"

"म्हणजे फुकट? अय्या, कित्ती छान!"

मागे गाड्यांची रांगच लागली. कोणी भाजीला पानं खुडतंय, कोणी चटणीला बोंडं. मी हात पसरून आडवा गेलो, तर एकाने माझ्याच हातात पिशवी दिली. "जरा धर ना यार!" मी धरली! भिडस्त स्वभाव, दुसरं काय.

"बाबा, यू हॅड वन जॉब," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात एक हरीण कुंपणापाशी आलं. त्याने ती गर्दी पाहिली आणि मुकाट्याने परत गेलं.

गाड्या गेल्यावर मी ग्रुपवर लिहिलं, 'बोंडं प्लीज परत करा.' उत्तरादाखल चटणीचे फोटो आले.

संध्याकाळी कोजो परतला. शेतात नुसत्या काड्या. गायिका गाडीतून उतरलीच नाही. शूटिंग कॅन्सल, सरबतही गेलं. कोजो बांधावर बसून राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. एका फोटोपायी मी त्याचं अख्खं वर्ष घालवलं होतं, मला रडूच आलं. आईने घरी जाऊन केलेली भाजी-भाकरी त्याच्या हातात ठेवली. त्याने ती खाल्ली.

"हरणं?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही रे," मी म्हणालो. "माझी माणसं."

यंदा त्याने पुन्हा पेरलंय. राखणीला मला बोलावलं नाही, फक्त माझा एक जुना कुर्ता मागून नेला. काल पाहिलं तर शेताच्या मधोमध तो कुर्ता घालून बुजगावणं उभं!

"हे काय रे?" मी विचारलं.

"तुझ्याएवढंच काम करतं," कोजो म्हणाला. "पण त्याच्याकडे फोन नाही."