मिस व्हर्लीनची अकरा भांडी

आमच्या अलाबामात मयताच्या घरी लोक शिजवलेलं अन्न नेतात आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहितात. महिन्याभरात भांडं परत गेलं नाही की गावभर बोभाटा. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या मिस व्हर्लीनकडे, नवरा गेल्यापासून, अशी अकरा भांडी दोन वर्षं पडून होती. मी सख्खा शेजारी, पण मला पत्ता नाही!

कळलं ते खटल्यामुळे. जिल्ह्याने नवा नकाशा काढून आमची काळ्यांची वस्ती तीन मतदारसंघांत वाटून टाकली. प्रत्येक ठिकाणी आम्ही मूठभर. आमचा माणूस निवडून येणं बंदच. राज्यघटना सगळ्यांना समान संरक्षण देते, मग आमचंच मत हलकं का, हा आमचा दावा. जिल्ह्याचा वकील म्हणे, ही एक वस्ती नव्हेच, तीन सुटी खेडी आहेत.

"एक आहोत हे दाखवायचं कसं?" आमच्या वकीलबाईंनी मिस व्हर्लीनच्या स्वयंपाकघरात बसून विचारलं.

त्यांनी उठून कपाट उघडलं; आत ती अकरा भांडी. "दाखवता येईल. पण माझी अब्रू जाईल गं."

कोर्टात त्यांनी एकेक भांडं पालथं करून नाव वाचलं. चार पहिल्या मतदारसंघातली, चार दुसऱ्यातली, तीन तिसऱ्यातली. मागून त्यांची मैत्रीण ओरा ली ओरडली, "अगं सटवे, माझं निळं भांडं तुझ्याकडे? मी सुनेला बोल लावत होते!"

न्यायाधीशही हसले.

"दोन वर्षं परत का नाही केलीत?" जिल्ह्याच्या वकिलाने डिवचलं.

"रिकामं भांडं परत करत नाहीत, साहेब. आणि तो गेल्यावर मला काही रांधावंसंच वाटेना."



नकाशा रद्द झाला. अपील संपेपर्यंत भांडी मात्र पुरावा म्हणून कोर्टातच अडकली. ओरा ली रोज कुंपणावरून विचारायची, "माझं भांडं?"

"सरकारजमा!"

त्याच हिवाळ्यात ओरा ली गेली.

अपील संपलं, भांडी सुटली. पुढच्या निवडणुकीत सगळ्या वस्तीचं मतदान पहिल्यांदाच आमच्या चर्चच्या सभागृहात होतं. मिस व्हर्लीन पीच कॉबलरने, म्हणजे पीच फळं घालून भाजलेल्या गोडाने, भरलेली अकरा भांडी माझ्या गाडीतून घेऊन आल्या आणि रांगेतच नावं वाचून वाटत सुटल्या. दहा गेली. निळं भांडं हातात उरलं.

"सुनेला देऊ का?" मी विचारलं.

"देईन. आधी ओरा लीला आत तर नेऊ दे," असं म्हणून भांडं छातीशी धरून त्या मत द्यायला गेल्या.