साहेबांसाठी रंगवलेली खोली

साहेब येणार म्हटलं की आमच्या गावाच्या अंगात येतं. त्या खुळापायी तिसरीची पोरं जिवाला मुकली असती, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगते. राग येत असंल त्याला येऊ द्या.

शाळा जिल्हा परिषदेची. तिसरीच्या खोलीच्या छताला ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भेग. पाऊस आला की तिच्यातून पाणी गळायचं न् मधूनच सिमिटाचे पापुद्रे खाली यायचे. एक दिवस ढेकळाएवढा तुकडा माझ्या पोरीच्या दप्तरावर पडला. पोरगी पाणी प्यायला गेल्ती म्हणून वाचली. घरी येऊन तिनं दप्तर झटकलं तव्हा मला कळलं.

मला शाळा समितीची अध्यक्ष केल्तं, ते जागा बाईची होती म्हणून. सह्या करायच्या न् गप बसायचं, असा सगळ्यांचा हिशोब. मी गप बसले न्हाई. तालुक्याच्या हापिसात चकरा मारल्या. शिक्षणवाले म्हणायचे हे बांधकामवाल्यांचं काम, बांधकामवाले म्हणायचे आधी शिक्षणवाल्यांकडून लिहून आणा. मी दोघांच्याही दारात ठाण मांडून बसले. शेवटी निरोप आला की जिल्ह्याहून इंजिनियर साहेब खोली बघायला येतील. त्यांनी धोक्याची ठरवली तर ती पाडून नवी मिळणार. म्हणजे पोरांचा जीव त्यांच्या एका नजरेवर होता.

नेमकी तव्हाच माझी आई आजारी पडली न् मी माहेरी परतूरला गेले. परत आले ती साहेब यायच्या दिवशी सकाळी. शाळेच्या दारात उतरले न् बघतच राह्यले. खोली नवरीसारखी नटल्ती. तीर्थपुरीहून रंगाचे डबे आणल्ते, भेग सिमिटानं बुजवून वर पांढराशुभ्र रंग फासल्ता. भिंतींवर मोर, आंबे, बाराखडी. दाराला तोरण, पुढं रांगोळी. सरपंच फेटा बांधून उभे. मला म्हणले, बघा ताई, तुमच्या माघारी कसं काम केलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. पाहुणा येणार तर घर सारवायचं, ही आमच्या हाडात मुरलेली सवय. पण अरे बाबांनो, डॉक्टरला आजार दाखवायला कुणी पावडर लावून जातं का? सरपंचांना हे बोलले तर ते म्हणले, पडकी खोली साहेबांना दाखवायची म्हणजे गावाची इज्जत जाती. गुरुजींकडं बघितलं तर गुरुजी रांगोळी बघून राह्यल्ते. रोज त्याच छताखाली शिकवायचे, त्यांना सगळं बराबर ठाऊक होतं. पण सरपंचापुढं तोंड उघडायची हिंमत कुठून आणणार?

साहेब आले. शाल, नारळ, फेटा, सगळं झालं. साहेबांनी दारातूनच आत नजर फिरवली, मोराचं कौतुक केलं न् म्हणले, खोली तर चांगली ठणठणीत आहे. बारीकसारीक दुरुस्ती करून घेऊ, तोवर मुलं बसवायला हरकत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांची पोरं त्या छताखाली बसायची, तेच टाळ्या वाजवून राह्यल्ते.

माझं टाळकं सणकलं. झाडाच्या आळ्यातलं खुरपं उचललं, आत जाऊन पोरीच्या बाकावर चढले न् वर खरवडायला लागले. आधी रंग निघाला, मंग सिमिटाचा कच्चा लगदा माझ्या तोंडावर, पदरावर. त्याच्या मागं भेग. बोट आत जाईल एवढी, न् आत गंजून फुगलेली सळई. सरपंच म्हणले, खाली उतरा, गावाची शोभा करू नका. सासरे मंडळींत बसल्ते, त्यांनी मान खाली घातली. घालू द्या म्हणलं, छत त्यांच्या डोक्यावर न्हाई.

साहेब दोन पावलं आत आले. "ताई, वरवरची भेग आहे ही," म्हणले. "घाबरायचं काही कारण नाही."

बाहेर लिंबाखाली त्यांचं ताट वाढून तयार होतं, पुरणपोळी न् कटाची आमटी. मी ते ताट उचलून आणलं न् भेगेच्या बराबर खाली, पोरीच्या बाकावर ठेवलं.

"बसा साहेब," म्हणलं. "जेवण होईस्तोवरच बसा. माझी पोरगी दिवसभर बसती."

साहेबांनी वर बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट वर बघितलं. मंग रुमालानं मान पुसत म्हणले, आत फार उकडतंय, बाहेरच बरं. न् गेले. मागून सरपंच ताट घेऊन गेले. पण सगळ्यांनी बघितलं होतं.

साहेबांचं जेवण मात्र पोटभर झालं. जाताना गुरुजींना बजावून गेले की दुरुस्ती निघेस्तोवर वर्ग तिथंच भरवा. गाडीची धूळ बसायच्या आत मी घरून कुलूप आणून खोलीला ठोकलं. दुसऱ्या दिवसापासून तिसरी मारुतीच्या पारावर भरायला लागली. सरपंच कितीतरी दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. का, तर जेवायला बसलेल्या पाहुण्याचा मी अपमान केला! छताबद्दल चकार शब्द न्हाई.

मंग तालुक्याहून फोन आला. सरकारी खोलीला खाजगी कुलूप लावणं गुन्हा आहे, येऊन पंचनामा करावा लागंल.

"खुशाल करा," म्हणलं. "पण पंचनामा आत बसून करायचा, दारातून न्हाई. या, कुलूप मीच उघडून देते."

कुलूप अजून तसंच आहे. पंचनाम्याला कुणी आलं न्हाई.