तांब्याच्या लग्नाचं गाणं आणि बोडिलबाईंचा प्रिंटर

डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावरच्या त्या गावात कुणाची पन्नाशी असो, बारसं असो की लग्नाची पंचविशी, गाणं बोडिलबाईंचंच. चाल सगळ्यांना पाठ असलेली, शब्द मात्र त्या त्या माणसाला गोड चिमटे काढणारे. उभा जन्म त्यांनी डेअरीत चीजची चाकं, म्हणजे जाड गोल ढेपा, उलटीपालटी करण्यात घालवला. चाक उलटलं की यमक सुचायचं, असं त्या सांगत. नवरा प्रेबेन म्हणे, "म्हणूनच तुझ्या गाण्यांना जरा वास येतो."

गाणं कागदावर छापायचं, कागदाची होडी करायची, आणि ऐन वेळी प्रत्येकाच्या हातात एकेक द्यायची. कागद हातात नसला तर लोक नुसते पुटपुटतात. समोरच्या घरातल्या विबेकेने तर गेल्या वर्षीच फतवा काढला होता, "मोबाइलवर पाठव ना गं सगळ्यांना! होड्या कसल्या करतेस?" बोडिलबाईंना ते फार लागलं. मोबाइलकडे बघत माना खाली घालून उभी राहिलेली माणसं कधी गातात का?

आणि एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांच्या सत्तरीला फुलं आली, केक आला, गाणं काही आलं नाही. रचणारी एकच, आणि तीच उत्सवमूर्ती. मग येणार कुठून? "बरं झालं, गाणं संपेपर्यंत उभं राहावं लागलं नाही," असं त्या हसून म्हणाल्या आणि भांडी घासताना थोडं रडल्या.

तर जून महिन्यातला शनिवार. रविवारी सकाळी कुंपणापलीकडच्या ट्रोल्स आणि सिग्नेचं तांब्याचं लग्न होतं. म्हणजे साडेबारा वर्षं, चांदीच्या पंचविशीची निम्मी वाट. म्हणून दारावरची फांद्यांची कमानही निम्मीच बांधतात, एका बाजूने वर चढून मध्येच थांबलेली. सकाळी सातला सगळ्यांनी त्यांच्या दारात जाऊन गायचं. नवराबायकोला हे पक्कं माहीत असतं. पाव, चीज, कॉफी, कडू दारूची बाटली सगळं आदल्या दिवशीच आणून ठेवलेलं असतं. तरी त्यांनी झोपेतून उठल्यासारखं गाऊन घालून दार उघडायचं आणि "अगंबाई, हे काय!" म्हणायचं. आधी कुणी अवाक्षर काढलं की सगळ्यावर पाणी.

गाणं तयार होतं. चार कडवी, एकाहून एक. बोडिलबाईंनी लॅपटॉपवर 'छापा' दाबलं. प्रिंटर ढिम्म. त्याचा निळा दिवा नुसता डोळे मिचकावत होता.

"प्रिंटर सापडत नाही म्हणतोय," त्या ओरडल्या. "अरे मेल्या, तुझ्या पुढ्यात तर बसलाय!"

प्रेबेन आला. तो जन्मभर बोटीच्या इंजिनावर मेकॅनिक. यंत्र बिघडलं की आधी कान लावायचा. त्याने प्रिंटरला कान लावला.

"जिवंत आहे," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. बोलत का नाही?"

"रुसलाय. तू त्याला मेल्या म्हणालीस."

बंद करून चालू केला. मग वायफायचा डबा बंद करून चालू केला. मग प्रेबेन प्रिंटरला बाळासारखं कडेवर घेऊन, लांब वायर ओढत, चपलांच्या कपाटातल्या त्या डब्यापाशी जाऊन उभा राहिला. "दोघांची ओळख करून देतोय," म्हणाला. बोडिलबाई हसून हसून खुर्चीत कोसळल्या. ओळख काही झाली नाही.

शेवटी लॅपटॉपनेच विचारलं: जवळ एक प्रिंटर आहे, जोडू? नाव अगदी आपल्याच प्रिंटरचं. "जोड बाबा, जोड!" बोडिलबाईंनी बटण दाबलं. जोडला! प्रेबेनने बायकोला धरून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. आळीला पुरतील इतक्या प्रती सांगून बाईंनी पुन्हा 'छापा' दाबलं.

प्रिंटर ढिम्म.

इतक्यात प्रेबेनने बोट वर केलं. खिडकी उघडी होती. कुंपणापलीकडून आवाज येत होता, कर्र-खट, कर्र-खट.

"हा आपल्याच प्रिंटरचा आवाज," तो म्हणाला. "पण तो तर इथे आहे."

मग बोडिलबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हिवाळ्यात रस्ता खणला तेव्हा त्यांची लाइन तुटली होती, आणि ट्रोल्सने आपल्या वायफायचा पासवर्ड दिला होता. तेव्हापासून लॅपटॉप रोज गुपचूप कुंपण ओलांडून जात होता. प्रिंटर बिचारा घरीच. आणि सेल लागला तेव्हा दोन्ही घरांनी एकत्र जाऊन घेतलेले प्रिंटर होते सारखेच. गाणं छापलं जात होतं, पण ज्यांच्यावर होतं त्यांच्याच बैठकीच्या खोलीत!

"मी अंडी मागायला जातो," प्रेबेन म्हणाला आणि सपाता घालूनच धावला. बोडिलबाई मागोमाग.

ट्रोल्सने दार उघडलं. चेहरा एकदम कोरा. मागे कर्र-खट चालूच.

"अंडी आहेत का रे दोन?" बोडिलबाईंनी विचारलं. "आणि... घरात काही आवाज येतोय का?"

"आवाज? कसला? मला तर काहीच येत नाहीये."

"नाही ना? मलाही नाही," बाई घाईघाईने म्हणाल्या.

आता आली पंचाईत! कागद मागावेत तर उद्याचं बोलल्यासारखं होतं; ट्रोल्सने द्यावेत तर त्याला माहीत असल्यासारखं होतं. दोघंही रीत पाळणारे. बाई दोन अंडी घेऊन परतल्या.

लॅपटॉपला परत आपल्या वायफायवर आणावं म्हटलं, तर त्याने पासवर्ड मागितला. तो प्रेबेनने शहाणपणा करून बदलला होता आणि विसरला होता. आता तो फक्त प्रिंटरला ठाऊक होता, आणि प्रिंटर बोलत नव्हता. जोडायची वायर होती, ती टोमॅटोच्या वेलाला बांधताना त्याने मधोमध कापली होती. बोडिलबाई हाताने लिहायला बसल्या. तिसऱ्या कागदाला मनगट गेलं. उद्या विबेके मोबाइल काढणार आणि आपलं गाणं कायमचं संपणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

सकाळी त्या चेहरा पाडून बाहेर पडल्या, तर त्यांच्या टपालाच्या पेटीवर वेताची टोपली. आत कागदाच्या होड्या, प्रत्येकीला तांब्याच्या रंगाची फीत. चिठ्ठी नाही, काही नाही. बोडिलबाईंनी कुंपणापलीकडे पाहिलं. पडदा पटकन पडला.

अर्ध्या कमानीखाली आळी जमली. होड्या वाटल्या. विबेकेने मोबाइल खिशात टाकला आणि होडी उलगडली. ट्रोल्स आणि सिग्ने गाऊन घालून दारात आली. सिग्नेने गाऊनवर कानांत डूल घातलेले होते. "अगंबाई, हे काय!" ती म्हणाली, इतकी खोटी की प्रेबेनला ठसका लागला.

गाणं रंगलं. बोडिलबाईंना आपले शब्द तोंडपाठ, त्यांनी होडी उघडलीच नाही. चौथं कडवं संपलं आणि त्या टाळ्या वाजवायला लागल्या. पण आळी थांबेना; होडीच्या कागदावर तळाशी निळ्या शाईने हाताने लिहिलेलं पाचवं कडवं होतं. ट्रोल्स आणि सिग्ने तर कागदाशिवाय, गळा काढून गात होती:

"गल्लीभर जिनं वाटली गाणी, लग्नाला अन् बारशाला,
एकही ओळ सुचली नाही तिच्या सत्तरीला कुणाला;
यंत्र तिचं वाट चुकून छापत बसलं आमच्या घरी,
बोडिल, हे कडवं तुझं गं. वेडंवाकडं, पण माया खरी."

बोडिलबाईंचे टाळीचे हात हवेतच राहिले.

"काय बाई हे," त्या कशाबशा म्हणाल्या. "मला खरंच काही माहीत नव्हतं."

"आम्हालाही नव्हतं," ट्रोल्स कोऱ्या चेहऱ्याने म्हणाला.

प्रेबेन खिशात रुमाल शोधत होता, तो अर्थातच घरी राहिला होता. बोडिलबाईंनी होडीच नाकाला लावली. शाई अजून नीट वाळली नव्हती. मग कॉफी झाली, पाव झाले, कडू दारूचे दोन घोट झाले, आणि सगळा वेळ बोडिलबाई नाकावर निळा डाग घेऊन बसल्या होत्या. आळीत कुणीही त्यांना ते सांगितलं नाही.