धुरपाअक्काचं नाक

धुरपाअक्का माणसाला आधी हुंगायची, मग बोलायची. सोनगीरजवळच्या त्या खेड्यात मी पहिलीच्या वर्गावर रुजू झाले आणि तिच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. त्याच संध्याकाळी तिनं सरळ माझा पदर धरला, नाकाला लावला आणि जाहीर केलं, "धुयानी शे." मी होतेच धुळ्याची. कुणीतरी तिला आधी सांगितलं असणार, एवढं मलाही कळत होतं. तरी बाई मला आवडली.

तिच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागला होता. गोठ्यात दहा-बारा शेळ्या. करडू उचलायचं, टाळू हुंगायची आणि ज्या शेळीचं त्या शेळीखाली सोडायचं, हा तिचा रोजचा उद्योग. माझ्या वर्गात भिंतीवर एक तक्ता होता. शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, म्हशीचं रेडकू. आता, गोठ्यातच लहानाची मोठी होणारी ही पोरं. त्यांना कागदावरचं करडू काय दाखवायचं, डोंबल! मी वर्ग उचलला आणि अक्काच्या गोठ्यात नेऊन बसवला. अक्कानं पहिल्यांदा सगळ्यांना दम दिला, की ताज्या करडाला कुणी हात लावायचा नाही. हाताचा वास लागला की शेळी आपलंच पिल्लू लाथाडते. मग तिचं ठरलेलं वाक्य आलं. "माय डोयानी वळखत नही, नाकनी वळखस." आई डोळ्यांनी नाही, नाकानं ओळखते. हे वाक्य ती कुणालाही, कशावरूनही ऐकवायची.

एकदा आम्ही गेलो तेव्हा एका शेळीचं करडू मेलेलं जन्मलं होतं आणि दुसरं एक करडू आईवेगळं झालं होतं; त्याची आई पोट फुगून मेली होती. अक्कानं मेलेल्या करडाचं कातडं सोललं आणि आईवेगळ्या करडाच्या पाठीवर सुतळीनं बांधलं. शेळीनं ते हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि पान्हा सोडला. आपल्या जिवंत पाठीवर मेलेल्याचं कातडं घेऊन ते करडू चुटूचुटू दूध पीत होतं. माझ्या वर्गातली दोन पोरं रडायला लागली. अक्काला आमचं नवल वाटलं. दोघं मरण्यापेक्षा एक वाचलं, त्यात रडायचं काय, असं तिचं म्हणणं. दोन-तीन दिवसांनी कातडं सोडून टाकायचं. तोवर शेळीचं दूध पिऊन करडाला तिचाच वास यायला लागतो. तिचा हात या कामाला असा बसला होता, की लांबलांबची माणसं करडं घेऊन तिच्याकडे यायची.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या घरात दोन मरणं झाली. आधी सून सुमन हिचा तीन महिन्यांचा मुलगा तापानं गेला. दूध आटावं म्हणून सुमननं छातीला घट्ट फडकं बांधलं होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. पंधरवडाही झाला नसेल, तोच बाळंतपणाला माहेरी आलेली अक्काची लेक कमल मुलीला जन्म देऊन अतिरक्तस्रावानं गेली. जीप धुळ्याला पोचलीही नाही. सासरची माणसं आली, कमलला अग्नी दिला, मुलगी पाहिली आणि पुढचं पुढं बघू म्हणून निघून गेली.

ती एवढीशी पोर घरात राहिली. शेळीचं दूध पाणी घालून, कापसाच्या बोळ्यानं पाजायचे. ते ती ओकून टाकायची. तिचं रडणं दिवसागणिक बारीक होत चाललं होतं. सगळ्या घराचे डोळे सुमनकडे लागले होते, पण तोंडानं कुणी म्हणेना. अक्कानं म्हणायला हवं होतं. सुनेसमोर पदर पसरायला हवा होता. तिनं विचारलंच नाही, कारण शेळीला कुणी विचारत नाही.

मी धुळ्याहून दुधाच्या पावडरीचा डबा आणून द्यायला गेले, ती दुपारची वेळ होती. सुमनला डोळा लागला होता. अक्का पेटीतून गेलेल्या मुलाचं झबलं आणि टोपडं काढत होती. न धुतलेलं. तिनं ते कमलच्या पोरीला चढवलं आणि पोर अलगद सुमनच्या कुशीत ठेवली. मी दारातच होते. अर्धवट झोपेत सुमनचा हात टोपड्यावर गेला. तिनं पोरीला ओढून घेतलं, टोपड्याला नाक लावलं, आणि तिच्या छातीवरचं फडकं ओलं होत गेलं.

मग तिनं डोळे उघडले. पोर आता भिरकावते, असं मला वाटलं. ती उठून बसली, पोरीकडे बघत राहिली, आणि आवाज न चढवता म्हणाली, "अक्का, मी बकरी नही शे."

तिनं टोपड्याचे बंद सोडले. झबलं काढलं. दोन्हीची घडी घालून उशाखाली ठेवली. "हाई त्यानं शे," आपल्या मुलाच्या कपड्यांबद्दल ती म्हणाली. "पोर मी अशीच लेस." तिनं छातीवरचं फडकं सोडलं आणि त्या थंडीत ती उघडीवाघडी पोर तशीच छातीशी लावली.

पोर जगली. सुमन मला पुढं म्हणाली, की विचारलं असतं तर तिनं घेतलीच असती. आदली रात्र तिनं त्याच विचारात काढली होती. आज घ्यावी, असं मनाशी ठरवूनच तिचा डोळा लागला होता. अक्काचा मला त्या दिवशी राग आला, आजही येतो. आणि तिची कीवही येते, कारण तिनंही लेक गमावली होती आणि हाताशी होती तेवढी एकच विद्या वापरली.

सुमन त्या दिवसापासून अक्काशी बोलली नाही. भांडण नाही, वेगळी चूल नाही. ताटात गरम भाकरी पडायची, अंघोळीचं पाणी निघायचं, शब्द तेवढा नाही. अक्का आधी धुसफुसली, मग माझ्याकरवी निरोप धाडू लागली, मग गप्प झाली. पुन्हा कुणी तिच्याकडे आईवेगळं करडू आणि कातडं घेऊन आलं, तेव्हा तिनं ते कातडं पुरायला लावलं. मला म्हणाली, "बकरी फसस, बाई. सुमन फसनी नही. तिनी समजीसन लिधी." म्हणजे समजूनउमजून घेतली.

मुलगी वाढली, माझ्याच वर्गात आली, तोच तक्ता वाचून गेली. आईचं नाव विचारलं की 'सुमन' असं सांगायची. अक्काचे डोळे तोवर पुरते गेले होते. शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा सुमननंच तिचं सगळं केलं, तेही मुक्यानं. मी भेटायला गेले त्या दिवशी सुमन तिला चमच्यानं पेज भरवत होती. अक्कानं चाचपडत तो हात धरला. "सुमन शे का?" तिनं विचारलं.

सुमननं दुसऱ्या हातानं पेजेची वाटी खाली ठेवली.

अक्कानं तो हात नाकाशी नेला, हुंगला आणि स्वतःशीच म्हणाली, "शे." आणि तशीच नाकाशी धरून पडून राहिली. सुमननं हात सोडवून घेतला नाही. पेज पार निवली तरी ती तशीच बसून होती. बोलली मात्र नाही.