नांदेडचे मामा

ज्या माणसाला मी दीड वर्ष फसवलं, तो काल सकाळी वारला.

माणिककाका. परभणीत त्यांची छोटी डाळ मिल. मी त्यांचा कुणीच नाही, पण त्यांच्या लेखी मी 'नांदेडचे मामा'.

माझं काम हेडहंटिंग. पुण्याच्या फर्मसाठी, इथे परभणीत घरी बसून. नोकरी शोधत फिरणारी माणसं माझ्या कामाची नाहीत. जे आपल्या जागी सुखात बसलेत, त्यांना उठवून दुसऱ्या कंपनीत न्यायचं. हा आमचा धंदा.

एका मोठ्या डाळ कंपनीला सॉर्टेक्सवरचा माणूस हवा होता. डाळीतला डागी दाणा रंगावरून बाजूला काढणारं मशीन ते. बटणं कुणीही दाबतं, पण कुठल्या मालाला ते कसं लावायचं हे फार थोड्यांना कळतं.

चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणांहून एकच नाव आलं. राणीसावरगावचा अंगद. माणिककाकांच्या मिलमधला.

आता रेफरन्स चेक कसा करायचा? "तुमचा माणूस पळवायचाय, कसा आहे सांगता का?" असं मालकाला विचारता येत नाही.

पण आपल्याकडे एका गोष्टीसाठी फोन केला की माणूस अगदी खरं बोलतो.

सोयरिकीसाठी.

मी फोन लावला. "नांदेडहून बोलतोय. भाचीसाठी स्थळ बघायलोय. तुमच्याकडचा अंगद कसा हाय?"

"थांबा मामा, मशीनचा आवाज लय हाय. भायेर येऊन सांगतो."

बाहेर येऊन काका वीस मिनिटं बोलले.

"डोळे झाकून पोरगी द्या. सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाई. आन् आईच्या शब्दाभायेर न्हाई बगा. आईनं ऊठ म्हन्लं की उठंल."

शेवटचं वाक्य मी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी अंगदला नाही, त्याच्या आईला गाठलं. मोठी कंपनी, क्वार्टर, पोराचं भविष्य, सगळं सांगितलं. आठ दिवसांत अंगदने ऑफर लेटरवर सही केली. त्याला जायचं नव्हतं. आई ऊठ म्हणाली, तो उठला.

टीम कॉलवर फर्मच्या मॅडमनी माझी आयडिया सगळ्यांना सांगितली. टाळ्या वाजल्या. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

एक चूक झाली. ऑफिसच्या नंबरवर फर्मचं नाव दिसतं, म्हणून काकांना मी माझ्या स्वतःच्या नंबरवरून फोन केला होता.

महिन्याभरात त्यांचा फोन आला.

"मामा, अंगद मोठ्या कंपनीत गेला. माझी गैरसोय झाली, पण तुमच्या भाचीनं नशीब काढलं की! स्थळ सोडू नका."

शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो.

मग दर महिन्या-दोन महिन्याला फोन. "मामा, काय ठरलं?"

मी म्हणालो, पत्रिका जुळत नाही. तर म्हणाले, "आमच्या गुरुजीला दाखवतो, पाठवा इकडं." मी म्हणालो, मुलीची परीक्षा आहे. "होऊ द्या निवांत. मी त्याच्या आईला सांगून ठेवलंय, दुसरं स्थळ बघू नका म्हणून."

फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक सांगितलं. त्या माउलीने दोन स्थळं परत पाठवली होती. माझ्या नसलेल्या भाचीसाठी.

याहून वाईट पुढे आहे.

नव्या नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात अंगदचा मला ऑफिसच्या नंबरवर फोन आला होता. "सर, करमंना झालंय. मालकाकडं परत जाऊ का?"

आमचा नियम असा की माणूस तीन महिन्यांत सोडून गेला तर दुसरा फुकट शोधून द्यायचा. मी म्हणालो, "कोणत्या तोंडानं जाशील? मालक दारात उभं करतील का?"

तो तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात काका मला म्हणाले होते, "मामा, तुमचं बोलनं होत असंल तर अंगदला सांगा, जागा ठेवलीय. मी फोन केला तर ओशाळंल तो. सध्या मीच बसायलोय मशीनवर. डोळ्याला दिसंना, पन चालवायलोय."

दोघांच्या मधे मी. एका कानाला हा फोन, एका कानाला तो. ह्याचं त्याला सांगितलं नाही, त्याचं ह्याला सांगितलं नाही.

कंपनीने आठ महिन्यांत अंगदकडून दोघांना तयार करून घेतलं आणि त्याला गोडाऊनला टाकलं. आमच्या शीटवर मात्र अजून हिरव्या रंगात लिहिलेलं आहे: सक्सेसफुल क्लोजर.

काल सकाळी काकांच्या नंबरवरून फोन आला. मी नवीन बहाणा जुळवूनच उचलला.

काकांची मुलगी होती.

"मामा, बाबा गेले. त्यांच्या मोबाईलमधी तुमचं नाव होतं, 'अंगदचे नांदेडचे मामा'. तुमी आमचे पाव्हणे. नांदेडहून यायला वेळ लागंल तुमाला. आमी थांबतो, तुमी आल्यावरच उचलू."

मी त्यांच्या घरापासून दोन किलोमीटरवर होतो.

"थांबू नका," एवढंच म्हणालो. तरी ते तासभर थांबले, असं मागाहून कळलं. मी बूट घालून खुर्चीत बसून होतो. अंगद तिथे असणार, तो मला व्हिडिओ इंटरव्ह्यूपासून ओळखतो. कोण म्हणून जाऊ?

अंगद, तू माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेस. हे वाचशील.

नांदेडची मुलगी नाही. मामाही नाही. तो मीच होतो. आईंना सांग, किंवा मी येऊन सांगतो, मग तुम्ही काय करायचं ते करा.

आणि तुझ्या मालकाचा एक निरोप माझ्याकडे वर्षाहून जास्त पडून आहे. तो आज देतो.

"जागा ठेवलीय."

काका, उशीर झाला. माझा नमस्कार घ्यावासा वाटला तरच घ्या.